जयवंत धुरीचा बार्बाडोसचा बेत

…तर तो नकाशा जयवंताने गॅलरीतल्या खांबाला बांधला, इथवर काल सांगून झालं होतं. तेवढ्यात जेवायला हाक आली आणि खरी गंमत राहूनच गेली. नकाशा त्याने उलटा बांधला होता! उत्तर खाली, दक्षिण वर. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलुंडच्या गव्हाणपाड्यात, आमच्या चाळीत, बार्बाडोस कुठल्या अंगाला आहे हे कुणाच्या बापाला ठाऊक? तिसऱ्या दिवशी त्याची बायको वनमाला कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "अहो, त्याच्यावरची अक्षरं उलटी दिसतायत."

तर हा पठ्ठ्या म्हणतो, "तिकडून बघितलं की सरळ दिसतात."

काल जे बसायला नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. जयवंत सहदेव धुरी म्हणजे आमच्या चाळीतला खोली नंबर नऊ. मूळचा देवगडकडचा. बाप लालबागला मिलमध्ये होता, हा भांडुपला रंगाच्या कारखान्यात स्टोअरकीपर. म्हणजे दिवसभर डब्यांवर नजर ठेवायची. डबे काही उलट बोलत नाहीत, त्यामुळे दिवसभराचं साठलेलं सगळं बोलणं तो संध्याकाळी गॅलरीत आणून ओतायचा. उंची बेताची, आवाज बेताबाहेर. कुठल्याही विषयावर बोलायला उभा राहिला की आधी शर्टाची कॉलर वर करायचा, जणू गळ्यातून काहीतरी मोठं बाहेर पडणार आहे. पडायची ती फक्त थुंकी.

आता हा माणूस आणि बार्बाडोस यांची गाठ कशी पडली? तर बायकोमुळे. वनमालाचा थोरला भाऊ शिवदास आगबोटीवर स्वयंपाकी होता. सत्तर साली बोट त्या बेटाला लागली तेव्हा हा तापाने फणफणलेला. त्याला तिथल्या इस्पितळात ठेवून बोट निघून गेली. बरा झाला, एका हॉटेलच्या भटारखान्यात लागला, पुढे तिथलीच बाई केली आणि स्वतःची छोटी खानावळ काढली. तिकडे उडते मासे असतात म्हणे, ते तळून विकायचा. बहिणीला वर्षाला दोन पत्रं. ही त्याला राखी पाठवायची ती पौर्णिमेच्या दीड महिना आधी, तरी ती पोचायची गणपतीत. आई वारली तेव्हा तार गेली. उत्तर आलं तेव्हा इथे बाराव्याची भांडीसुद्धा घासून झाली होती. भाऊ एकुलता एक. तो बोटीवर गेला तेव्हा वनमाला बावीस वर्षांची होती, लग्न व्हायचं होतं.

ब्याऐंशी साली त्या शिवदासने लिहिलं, "आता माझं बरं चाललंय. तुम्ही दोघं महिनाभर येऊन राहा. तिकिटं मी पाठवतो, तुम्ही फक्त कधी येता ते कळवा."

झालं! फक्त कधी येता ते कळवा. या पाच शब्दांवर आमचा जयवंत पाच वर्षं जगला.

आमच्या गावी एक म्हातारा होता, त्याची आठवण येते. त्याला म्हैस घ्यायची होती. म्हैस घ्यायची तर आधी दावं चांगलं पाहिजे, म्हणून तो वाख आणून दावं वळायचा. एक झालं की म्हणायचा, हे जरा आखूड झालं, म्हैस मोठी घेणार आहे मी. मग दुसरं. वीस वर्षं वळत होता. गावात कुणाला दोर लागला की त्याच्याकडे जायचे. म्हैस काही आली नाही. शेवटी त्यातल्याच एका दाव्याने त्याची तिरडी बांधली. जयवंत त्याच जातकुळीतला, फक्त हा दावं तोंडाने वळायचा.

पहिल्या वर्षी त्याने वाचनालयातून पुस्तकं आणली. रोज संध्याकाळी गॅलरीत वर्ग, मला समोर बसवून सुरू. "तिकडे वाळू पांढरी असते, नाना. मिठासारखी. आणि पाणी म्हणजे काय सांगू, वीस फुटांवरचा खेकडा मोजून घ्या." आम्ही ऐकायचो, कारण संध्याकाळी गॅलरीत दुसरं होतं काय? त्र्याऐंशीला आपली टीम वेस्ट इंडिजला गेली आणि रेडिओवर बार्बाडोसचं नाव आलं तेव्हा तर हा गावजावई असल्यासारखा मिरवत होता. "ते ग्राउंड ना? माझ्या मेव्हण्याच्या घरापासून दहा मिनिटं." आपण मॅच हरलो तर म्हणतो, "खारं वारं मानवत नाही आपल्या लोकांना. मी गेलो की बघतो." तू जाऊन काय बघणार रे? बॅटिंगला उभा राहणार?

एका रविवारी पाहतो तर स्वारी उघड्या अंगाला खोबरेल चोळून, काळा चष्मा लावून, गॅलरीत भर उन्हात खुर्ची टाकून बसलेली.

चंपाताई म्हणजे शेजारची, खोली नंबर दहा, तिची जीभ म्हणजे विळीच. ती म्हणाली, "काय रे जयवंता, पापड वाळत घातलाय का?"

"उन्हाची सवय करतोय, चंपाताई. तिथलं ऊन कडक असतं. तयारी लागते."

ऐका! देवगडच्या खाडीत जन्मलेला, वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत लंगोटीवर खाडीतले तिसऱ्यांचे शिंपले वेचत हिंडलेला माणूस मुलुंडच्या गॅलरीत बसून उन्हाची सवय करत होता! माड बघायला, वाळू बघायला, समुद्र बघायला पृथ्वीच्या पाठीवर जायचं, आणि स्वतःच्या घरच्या माडाचे नारळ उतरवायला चार चार वर्षं गावी फिरकायचं नाही. तिकडे चुलत्याने अर्धी बाग खाल्ली, याला पत्ता नाही. याच्याकडे बार्बाडोसच्या उसाची सगळी माहिती.

मग काट्याचमच्याने जेवायची सवय. तांदळाची भाकरी काट्याने तोडायला गेला ती उडाली ती थेट वनमालाच्या ओटीत. तिने ती भाकरी उचलून ताटात ठेवली आणि म्हणाली, "दादाची खानावळ आहे. तिथे हातानेच जेवत असतील."

"तुला काय कळतं? इंग्रजांचा मुलूख आहे तो."

आता तुम्ही म्हणाल, एवढी तयारी, मग गेला का नाही? अहो, दर वर्षी काहीतरी निघायचंच. एका वर्षी पासपोर्ट आला पण फोटोत कान मोठे दिसतात म्हणून रुसला. मग वडील वारले, त्यांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, ते खरं कारण होतं म्हणा. पुढच्या वर्षी म्हणाला, तिकडे वादळं होतात, पुस्तकात आहे. जून ते नोव्हेंबर. मी म्हटलं, मग डिसेंबरात जा. तर डिसेंबरात कारखान्यात माल मोजायचा असतो. जानेवारीत? जानेवारीत तिकडे गोऱ्यांची गर्दी. शहाऐंशीला गावच्या गणपतीची पाळी याच्याकडे. गणपती भाद्रपदात आणि हा नकार देत होता चैत्रात!

आणि दर वेळी नकाराचं पत्र लिहायला बसायची ती वनमाला. "यंदा जमत नाही, दादा. पुढच्या वर्षी नक्की." एवढंच लिहायची, पण पत्र टाकायला स्वतः पोस्टात जायची. पेटीत टाकून तिथेच थोडी उभी राहायची. मी दोनदा बघितलंय.

खरं काय होतं ते चाळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. जयवंताला विमानाची भीती. भीती म्हणजे किती? एकदा सांताक्रूझला कुणाच्या तरी लग्नाला गेलो होतो. वरून विमान गेलं तर हा जेवता जेवता मांडवाच्या खांबाला जाऊन चिकटला. वर म्हणाला, "उचकी लागली म्हणून उठलो." भीती वाटते याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माणसाला पालीचीही वाटते. पण पाल बघून पळायचं आणि गॅलरीत येऊन वाघाच्या शिकारीचा बेत सांगायचा, याला काय म्हणावं?

शहाऐंशीच्या दिवाळीनंतर शिवदासचं पत्र आलं. अक्षर त्याचं नव्हतं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. वनमालाला इंग्रजी येत नाही, म्हणून नवऱ्याने वाचलं. गॅलरीतच वाचलं, मोठ्याने, सवयीप्रमाणे. पहिल्या दोन ओळी मोठ्याने, पुढे आवाज उतरत गेला. साखरेचा आजार होता, त्यातून जखम चिघळली, डावा पाय गुडघ्याखाली काढला होता. "आता माझं तिकडे येणं संपलं. वनमालाला एकदा बघायचं आहे. भाऊजी, यंदा नाही म्हणू नका. तुमच्या उत्तराची वाट न बघता तिकिटं पाठवतो आहे."

वनमाला चौकटीला टेकून उभी होती. रडली नाही. म्हणाली, "कधी निघायचं?"

जयवंताने पत्राची नीट घडी केली. "जायलाच पाहिजे," म्हणाला. "व्यवस्थित बेत आखला पाहिजे."

पाच वर्षं तू काय करत होतास मग, गाढवा?

जानेवारीत तिकिटं आली. दोन. सतरा एप्रिल, दुपारचं विमान, लंडनला बदलायचं. त्या दिवशी काय झालं असेल? नकाशा खांबावरून गायब! आणि जयवंत गप्प. चाळीत आल्यापासून पहिल्यांदा संध्याकाळी गॅलरीत शांतता. चंपाताई मला म्हणाली, "नाना, कुत्रं भुंकायचं थांबलं की मला झोप लागत नाही."

चार दिवसांनी तोंड उघडलं. कॉलर वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या घराण्यात देवाला विचारल्याशिवाय परमुलखात जात नाहीत. गावी जाऊन रवळनाथाला कौल लावणार. देव हो म्हणाला तर निघालो. नाना, तुम्ही चला आमच्याबरोबर. मोठं माणूस पाहिजे."

मला वाटलं, वा, चांगली बुद्धी झाली. एस.टी.त कळलं बुद्धी कसली ती. पनवेल मागे पडलं, वनमालाला खिडकीशी डुलकी लागली, तसा हा माझ्या कानाशी आला.

"नाना, तुम्हाला म्हणून सांगतो. माझे पणजोबा गलबत घेऊन मस्कतला गेले ते आलेच नाहीत. तेव्हापासून धुरी घराण्याला देवाची दर्याची बंदी. आजोबांनी कराचीसाठी कौल लावला, डावा पडला, म्हणजे जायचं नाही. काकांनी एडनसाठी लावला, डावा. माझ्या बापाने गोव्याला होडीतून लग्नाला जायचं विचारलं, नाना, तिथेसुद्धा डावा!"

त्याचा चेहरा बघायला हवा होता. पाच वर्षांत इतका आनंदी दिसला नव्हता.

मी म्हटलं, "म्हणजे तुला नाहीच मिळणार?"

"देवाची मर्जी! आपण कोण?"

"अरे, मग तिला घरीच सांगायचं ना, यायचं नाही म्हणून!"

"देवाने सांगितलेलं बरं असतं, नाना. घरात वाद होत नाही."

आणि शीळ घालायला लागला! आता कळलं मला कशाला घेतलं होतं ते. चाळीत परत येऊन सांगायला साक्षीदार हवा होता. बिचाऱ्याची किती इच्छा होती, पण देवाने अडवलं, असं मी गॅलरीत सांगायचं. पुढे जन्मभर हा बार्बाडोसच्या गप्पा मारायला मोकळा, आणि दोष रवळनाथाच्या माथ्यावर. देवाला पुढे करून बायकोला भावापासून तोडणारा भक्त मी तोवर पाहिला नव्हता. एकदा वाटलं, वनमालाला उठवून सांगावं. पण तिलाही त्या बंदीची माहिती असणारच, त्या घरची सून ती. ती डोळे मिटून होती, झोपली होती असं मात्र मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात. ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांना सांगतो. देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतात. गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला सगळी हकिगत मोठ्याने सांगतो, जमलेले लोक हुंकार देतात. मग वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी घटकाभर पडतच नाही. हल्लीची पोरं हसतात, हसू देत. पण त्या गाभाऱ्यासमोर बसलं की हसणाराही हात जोडून बसतो.

राजाराम गावकर म्हणून सत्तरीचे मानकरी. तोंडात दात तीन, पण आवाज असा की छपरावरची कबुतरं उडाली. वनमाला उपाशी होती. तिने शिवदासचं ते पत्र देवाच्या पायरीवर ठेवलं आणि बाजूला हात जोडून बसली. जयवंत पुढे, पांढऱ्या शर्टात, नापास व्हायच्याच तयारीने परीक्षेला बसलेला.

गावकरांनी सुरुवात केली. "बा रवळनाथा, ह्या गावच्या राखणदारा म्हाराजा!"

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"आज हो तुझो लेकरू, जयवंत सहदेव धुरी, आपल्या अस्तुरीक घेवन तुझ्या पायाकडे इलो आसा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका दर्या ओलांडून, बारबाडूस की काय त्या बेटार, मेव्हण्याक भेटूक जावचा आसा!"

लोकांनी हुंकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात कोण बोललं असेल? आमचा जयवंत! गप्प बसला असता तर जिंकला होता. पण बेटाच्या नावाचा असा चुथडा झालेला त्याला कसा सहन होणार? आणि गावच्या चाळीस माणसांसमोर आपण होडीने निघालोय असं कुणाला वाटलं तर?

"गावकरानू, थांबा, थांबा! बार्बाडोस! आणि दर्या ओलांडून नाही हो, आम्ही काय खलाशी आहोत? विमानाने जाणार. जंबो जेट! ते काय समुद्राला शिवतसुद्धा नाही. सात मैल उंचावरून जातं. नीट सांगा देवाला."

गावकरांनी वळून बघितलं. "इमानान?"

"लंडनवरून. तिकिटं आहेत माझ्याकडे."

"पाण्याक पाय लागाचो नाय?"

"एक थेंब नाही!" हा छाती काढून म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. गावकर मात्र माणूस पोचलेला. परत देवाकडे तोंड केलं आणि आवाज असा चढवला की बास.

"ऐकलंस मां, म्हाराजा? तुझी जी बंदी आसा ती दर्याची! तुझो लेकरू दर्याक पाय लावूचो नाय! वरच्यावर, पाखरासारखो इमानातसून जातलो, तसोच परत येतलो! तुझी बंदी तो मोडणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ह्या दोघांक सुखरूप धाडूचा तुझ्या मनात आसात, तर उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हा…" हुंकार पुरा व्हायच्या आत उजवीकडची पाकळी टपकन खाली. घटकाभर कसली, पापणी लवायला वेळ लागला नाही. धुरी घराण्यात तीन पिढ्यांत पहिला उजवा कौल! गावकऱ्यांनी ओरडा केला. म्हाताऱ्या बाया वनमालाच्या अंगावरून हात ओवाळून बोटं मोडायला लागल्या. ती जमिनीवर डोकं टेकून पडली होती, खांदे हलत होते. पत्राच्या वेळी न रडलेली बाई तिथे रडली.

आणि जयवंत? चुन्याची भिंत बघितलीय? तसा.

"वाऱ्याने पडली असेल," तो पुटपुटला. "परत लावा बघू एकदा."

गावकर उखडले. "वारो? गाभाऱ्यात वारो खयसून इलो रे? देवान हुकूम दिल्यान. देवाक परत परत इचारूक तो काय तुझ्या कारखान्यातलो हमाल?"

लोक हसले. वनमालाने डोळे पुसले, पायरीवरचं पत्र उचललं, पदराला बांधलं आणि नवऱ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ते बरं झालं. विमानाचं गावकरांच्या लक्षात आलं नसतं."

परतीच्या एस.टी.त तो पनवेलपर्यंत बोलला नाही. मी मात्र अधूनमधून शीळ घालत होतो.

पुढचे दोन महिने काय सांगू! मार्चमध्ये कंबरेत उसण भरली. वैद्याने चोळून बरी केली. मग छातीत धडधड. डॉक्टर म्हणाला, घोडा आहेस, जा. मग जयवंत म्हणाला, सुट्टी मंजूर होत नाही. वनमाला दुसऱ्या दिवशी डबा द्यायच्या निमित्ताने कारखान्यात गेली, साहेबाला भेटली आणि मंजुरीचा कागद घेऊन आली. बाई सातवी शिकलेली, नवऱ्यापुढे कधी वर मान करून न बोललेली. पण आता देव तिच्या पार्टीत होता ना!

आणि एक गंमत बघा. पाच वर्षं जयवंताने गॅलरीत जो पाढा म्हटला, तो त्याच्यापेक्षा तिचाच पाठ झाला होता. लंडनला उतरल्यावर सामान घ्यायला जायचं नाही, ते पुढच्या विमानात आपोआप जातं. विचारतील तेव्हा पासपोर्टबरोबर शिवदासचं पत्र दाखवायचं. वेळ तिथे मागे जाते, घड्याळ कधी फिरवायचं. दुपारी चंपाताईकडे तांदूळ निवडता निवडता ती हे सगळं धडाधड म्हणून दाखवायची. कोकम, तिरफळं, मालवणी मसाला, सगळं बांधून तयार. तिची पेटी इतकी भरली की बसून कुलूप लावायला मला बोलावलं. याची पेटी पलंगाखाली, झाकण लावलेली.

सतरा एप्रिलला चाळीने दोघांना हार घातले. जयवंताने हिरव्या फुलाफुलांचा बुशशर्ट घातला होता, खास शिवून घेतलेला. घामाने तो इतका भिजला होता की फुलांना पाणी घातल्यासारखं दिसत होतं. टॅक्सीत मी, चंपाताई आणि ती दोघं. सहारला उतरलो. विमानतळाच्या दारापाशी तिकीट दाखवून आत सोडत होते. मी मदत म्हणून त्याची पेटी उचलली आणि हात एकदम वरच गेला. मला वाटलं, कापूस भरलाय की काय?

दार दहा पावलांवर आलं तसा जयवंत थांबला. डोक्यावरून विमान घरघरत गेलं. त्याने रेलिंग घट्ट धरलं.

"वनमाला, माझं असं आहे की…"

"तुमची पेटी रिकामी आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "कपडे इस्त्री करून कपाटात लावलेत, खालच्या कप्प्यात. दोन वेळचं जेवण चंपाताई देतील. रविवारी त्यांच्या घरी मासे नसतात, तेव्हा नानांकडे जा. आणि आता बोलत बसू नका, लाइन पुढे सरकलीय."

म्हणजे तिला ठाऊकच होतं! चंपाताईलाही ठाऊक होतं! आख्ख्या टॅक्सीत हार घातलेला बावळट एक तो आणि बिनहाराचा मी.

तिने वाकून त्याला नमस्कार केला, माझ्या पाया पडली, पेटी ओढत दारात गेली. शिपायाने काहीतरी विचारलं. तिने पिशवीतून पासपोर्ट, तिकीट, पत्र, सगळं अशा क्रमाने काढून दाखवलं की शिपाईच बाजूला झाला. काचेतून ती थोडा वेळ दिसली. एका पोरसवद्या बाईला काहीतरी समजावून सांगत होती. मग गर्दीत दिसेनाशी झाली.

चंपाताई डोळ्याला पदर लावून टॅक्सी बघायला गेली. जयवंत तसाच, गळ्यात हार, हातात रिकामी पेटी. मला खूप दिवसांचं साठलेलं होतं. मी त्याला तिथेच धरला.

"काय रे भित्र्या, देवाने हुकूम दिला, मेव्हण्याने तिकीट दिलं, बायकोने पाच वर्षं तुझी बडबड ऐकली. एक पाय तुटलेला माणूस तिकडे वाट बघतोय. आता तरी सरळ सांग, का नाही गेलास?"

त्याने कॉलरकडे हात नेला, पण वर केली नाही. मग म्हणाला, "नाना, मी गेलो असतो तर तिथेही मीच बोलत बसलो असतो. सतरा वर्षांनी भेटतायत भाऊबहीण, त्यांना बोलायला मिळायला नको?"